खडखडाटात शिकलेलं यंत्र

फोन आला तेव्हा इचलकरंजीत जुबेदाताईंच्या घरचे यंत्रमाग धडधडत होते. पलीकडे नागपूरचे डॉक्टर होते.

"ताई, खोकला ऐकून क्षय ओळखणारं तुमच्या संस्थेचं यंत्र गप्पच बसलंय. इथं बाई खोकून बेजार झालीय."

"खोली शांत आहे काय?"

"एकदम."

ताईंना हसू फुटलं. "अवो डॉक्टर, आम्ही त्याला माग कामगारांचे खोकले ऐकवून शिकवलंय. खडखडाटाशिवाय त्याला खोकला कळतच नाही!" त्यांनी फोन मागाजवळ धरला. "स्पीकर लावून फोन यंत्राजवळ ठेवा. आता बाईंना खोकायला सांगा."

यंत्र लगेच बोललं, "क्षय आहे. सुरुवातच आहे, बरा होईल."

आता देशभरातल्या दवाखान्यांत पेशंट खोकण्याआधी ताईंच्या मागाचा तोच रेकॉर्ड केलेला खडखडाट लावतात. जुबेदाताई कुठल्याही दवाखान्यात गेल्या की कान देऊन ऐकतात आणि शेजारी बसलेल्या बाईला सांगतात, "मधेच अडखळतोय ना, तो आमचा माग."