मागच्या दाराची मोटर

जुन्या गाडीच्या चार काचांपैकी तीन काचांच्या मोटरी ठणठणीत होत्या. मागच्या डाव्या दाराची तेवढी झिजून, जळून गेली होती. मिस्त्रीच्या जिभेला मुळातच हाड नव्हतं.

"साहेब, काच हलत नसताना कुणी आतून बटण दाबतच राहिलं, की मोटर अशी जळते. मागे बसतं तरी कोण?"

"कुणी नाही. मी एकटा जीव सदाशिव."

"मग भुतानं दाबलं असेल," म्हणत मिस्त्री स्वतःच हसला. मालक हसला नाही.

मिस्त्रीने मोटर सोडवली, कार्बन बदलले, तार नव्याने गुंडाळली. मालकाचं म्हणणं एवढंच होतं, की मोटरीचा आवाज येता कामा नये आणि काच फक्त पुढून, त्याच्याच बटणावर चालावी. दाराची आतली कडी नुसतीच फिरत होती, दार आतून उघडत नव्हतं; तीही मिस्त्री दुरुस्त करणार होता.

"ती राहू द्या," मालक म्हणाला. "मागे बसतंय कोण?"

दुरुस्त केलेल्या दाराला कान लावून एक चक्कर मारल्याशिवाय मिस्त्री कुठलीच गाडी ताब्यात देत नसे. सवयीने तो मागे जाऊन बसला. मालक गाडी चालवत राहिला. शेवटची वस्तीही मागे पडली, तसा मिस्त्री म्हणाला, "बास साहेब, वळवा आता."

मालकाने मागे पाहिलंही नाही.



शेजारची काच अलगद वर आली आणि बंद झाली. दाराला कान लावूनही मोटरीचा आवाज आला नाही.