सांधा

"लंगडी निघाली का फिरायले?" खाटेवरून दौलतरावांनी विचारलं.

"असं नका म्हणू त्या मुक्या जिवाले," सिंधुताई चिडल्या. "किती डाव सांगू?"

टिकली कुत्री उंबऱ्यापाशी पुढचा डावा पाय उचलून उभी होती. हे रोजचंच झालं होतं. ते लंगडी म्हणत, या रागावत, आणि मग साखळी घेऊन निघत.

दौलतराव चरोद्याच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते. रुळांचा सांधा बदलून गाडी बरोबर लाईनीवर घालायची, यात त्यांची सारी नोकरी गेली. आता कुत्रीचे सांधे सांभाळणं नशिबी आलं. घरात मूलबाळ नाही, टिकलीच काय ते लेकरू. तोंडात पेपर धरून आणायला, पाहुण्याला पंजा देऊन नमस्कार करायला त्यांनीच तिला शिकवलं होतं.

पावसाळा सरता सरता ती एक पाय उचलून लंगडायला लागली. दौलतराव एकटेच तिला ऑटोत घालून भिलाईच्या ढोरांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. आल्यावर दम घेत घेत त्यांनी सगळं सांगितलं.

"संधिवात हाय म्हणे, वयाचा. सकाळ-संध्याकाळ सावकाश चालवा. धावणं नाही, उड्या नाही. वजन उतरलं पायजे, म्हणून तूप बंद. अन् फरशीवर चटया टाका, पाय घसरला नाही पायजे."

"अन् नाही चालवलं तं?"

"तं बसन. अन् एकदा बसली का मंग बसलीच. मी तं काई जन्माले पुरत नाही. माह्या माघारी उचलणार कोण हाय?"

"मंग चालवन कोण? मी?" सिंधुताई गुडघे चोळत म्हणाल्या. "मलेच दुर्गचा डॉक्टर कवाचा चाल म्हणून राहिला. मी चालली का? हातात पिशवी नाही, काम नाही, अन् बाईमाणसानं रस्त्यानं रिकामं हिंडावं? लोकं काय म्हणतीन?"

खरं तर स्टेशनचा पूल चढवत नाही म्हणून पलीकडचा बाजारही त्यांनी कधीच सोडला होता.

"मंग पडू दे तिले घरात," दौलतराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

सिंधुताईंनी साखळी उचलली. दुसरं करणार काय?

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो, तसंच ते चाललं. घरातून निघताना टिकली तीन पायांवर असे. गल्लीचा कोपरा वळला की चौथा हळूच जमिनीला टेके. चाललं की सांधा मोकळा होतो, हे दौलतरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सोबत कुत्री असल्यावर कुणी काही विचारतही नव्हतं. परतल्यावर सिंधुताई गरम पाण्याच्या पिशवीनं तिचा पाय शेकत, आणि पाणी गरम आहेच तर आपलेही गुडघे. तिचं तूप तोडून तिच्यासमोर आपण खायचं हे त्यांना पटेना, म्हणून घरातलंच तूप आटलं.

गोळी मात्र दौलतरावच देत. गुळाच्या खड्यात दाबून, मूठ पुढे करून.

"द्या माह्या हाती," सिंधुताई म्हणत.

"तुह्या हातून थुकते ते."

एकदा टिकलीनं उजवा पाय उचलला.

"अव माय! काल तं डावा होता!"

"वात हाय तो, फिरतेच," दौलतराव डोळे न उघडता म्हणाले.

त्यांचेच पाय आता सुजायला लागले होते. उशाला उशी लावल्याशिवाय निजता येत नव्हतं. डॉक्टरनं जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

"दम तुमाले लागते अन् सेवा कुत्रीची," सिंधुताई एकदा कळवळून म्हणाल्या. "आजार म्हशीले अन् औषध पखालीले!"

यावर दौलतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळ्यांतलं पाणी पुसत ते कितीतरी वेळ सिंधुताईंकडे पाहत राहिले.

संक्रांतीच्या तोंडावर ते गेले.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. सिंधुताईंना उठावंसं वाटेना, आणि टिकली तर खाटेखालून निघेना. आता ही बसली, असं त्यांना वाटलं. त्या माणसानं शेवटी शेवटी काळजी केली ती एवढीच. ती वाया कशी जाऊ द्यायची? त्यांनी साखळी हातात घेतली.

टिकली उठली. चारही पाय टेकून. दुसऱ्या दिवशीही तशीच, नंतरही तशीच.

"जातानी तिचा वात संग घेऊन गेले हो," त्या शेजारच्या रमाला सांगत आणि पदर डोळ्यांना लावत.

अशाच एका संध्याकाळी साखळी हातातून निसटली आणि टिकली धावत स्टेशनच्या पुलावर चढली. सिंधुताई हाका मारत तिच्या मागे गेल्या. वर पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आपण मध्ये कुठं थांबलोच नाही.

खाली यार्डात एक मालगाडी खडखडत लाईन बदलत होती. त्यांना दौलतराव आठवले. पदरात तोंड लपवायला त्यांनी मूठ वर नेली, आणि जन्मात कधी न उच्चारलेला शब्द त्यांच्या तोंडून दौलतरावांच्याच सुरात निघाला.

"लंगडी निघाली का घरी?"

पुलाच्या पार टोकाला पळत गेलेली टिकली थबकली. वळली. पुढचा डावा पाय उचलून, तीन पायांवर टुणटुण उड्या मारत ती सिंधुताईंपाशी आली, आणि शेपूट हलवत त्यांच्या मिटलेल्या मुठीत गूळ हुंगू लागली.