कर्णिक सरांची सूचना

सर्व्हे शिकायला भिवपुरीच्या धर्मशाळेत उतरलेल्या कॉलेजच्या पोरांना कर्णिक सर रोज दिवेलागणीला एकच सूचना ठणकावून देत. "कडी घाला. बाहेरून कुणी काहीही बोलो, माझ्या आवाजाशिवाय दार उघडायचं नाही." मग चिमूटभर तपकीर, आणि धर्मशाळा हादरवणारी शिंक.

"बिबट्या शिंकेलाच पळत असंल, सर," स्वयंपाकीण सोनुबाई म्हणायची. सर खूश होत. बंदोबस्त करावा तर आपणच!

त्या दिवशी सूचना द्यायच्या आधी ते विहिरीवर पाय धुवायला गेले. परत येतात तर दाराला आतून कडी. पोरं तयार झाली म्हणायची! त्यांनी ऐटीत थाप मारली. "उघडा रे, मी कर्णिक."

आत पोरं खिदळली. "कोन रं तू, नकला करनारा?" सोनुबाई दाराआडून म्हणाली. "सर कवाच आत आलेत."

सरांनी खिसा चाचपला. तपकिरीची डबी जागेवर होती.

"सोनुबाई, आत कोण आहे? कडी काढा! पोरांना घेऊन बाहेर पळा!"

आत धर्मशाळा हादरवणारी शिंक झाली. पाठोपाठ सरांचाच आवाज आला, सरांच्याच ठसक्यात.

"शाब्बास. आता तो अगदी माझ्या आवाजात रडला, तरी दार उघडायचं नाही."