बाबांची करंगळी

संगणकावर नवी सिस्टीम टाकली आणि बाबांचं कुलूपबंद फोल्डर पासवर्ड मागू लागलं. जुन्या सिस्टीमला तो पाठ होता. आम्हाला नव्हता, सांगायला बाबा राहिले नव्हते. आत आमच्या लहानपणीचे फोटो. वाढदिवस, लग्नाची तारीख, सगळं टाकून हात टेकले. आई म्हणाली, “टायपिंगच्या क्लासातला पहिला धडा टाक, ते asdfgf. नवा कीबोर्ड दिसला की हे आधी तोच बडवायचे.” टाकला, तरी उघडेना. “बिनचूक टाकलास ना? मग कसं उघडेल,” म्हणत तिने मला उठवलं. “यांची करंगळी हमखास शेजारच्या बटणावर घसरायची. बाजूच्या मशीनवर बसून मी हसायचे. तिथूनच जमलं आमचं.” तिने टाइप करताना करंगळी मुद्दाम घसरवली. फोल्डर उघडलं. ‘पासवर्ड जतन करायचा?’ सिस्टीमने विचारलं. मी हो म्हणणार, तोच आईने हात धरला. “राहू दे. रोज मीच टाकत जाईन.”