मरळीचा गळ

"तो लाल गोळा दिसते का?" रुखमाबाईनं गळाच्या काठीनं दाखवलं. तलावाच्या पाण्याचा तेवढाच तुकडा उकळी आल्यासारखा हलत होता. "मरळीचे पिल्लं हायेत. खाली मायबाप राखण करून राह्यले."

मासेमार संस्थेचे नवे सभासद तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर दाटीनं उभे होते. सगळ्यांत पुढे लोकेश. मागे पदर खोचून गावची पोलीस पाटील रीना. तिला 'तूही शिकायला ये' म्हणून रुखमाबाईच घरी जाऊन सांगून आली होती.

रुखमाबाईनं गळाला बेडूक लावला आणि पिल्लांच्या मधोमध नाचवला. "मरळ आता भुकेली नाई. पण पिल्लांवर कोनी आलं का तिले राग येते. मंग गळ दिसत नाई."

पाणी फाटलं. काठी वाकली. हातभर मरळ बादलीत पडली.

"लयच येडी हाय, बाई, तुमची मरळ," लोकेश हसला.

"रागात सारेच येडे होतेत, भाऊ."

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी रुखमाबाईचा मुलगा सूरज याच काठाला मेला होता. जाळं काढायला उतरला आणि पाण्यातच आडवा झाला. मिरगी आली असेल, असं गावानं ठरवलं. सूरजला कधी मिरगी आली नव्हती. त्याच्याभोवती बारीक मासळी पोट वर करून तरंगत होती. ती रुखमाबाईनं पाहिली, आणि वर्षभर तोंड मिटून ठेवलं.

तिनं दुसरी काठी लोकेशच्या हाती दिली. "टाका. बाप हाय अजून खाली."

लोकेशचा गळ कमळाच्या देठात अडकला. त्यानं ओढला, दोरी तुटली.

"राहू द्या, भाऊ. तुमच्या हातचं नाई हे. तुमच्या बापालेबी जमलं नाई. जा, घरी भाकरी थापा."

पाळीवर हशा पिकला. लोकेशचे कान लाल झाले.

"मले मासे नाई धरता येत?"

"कवा धरले? कोनी पायले?"

"मागच्या पोळ्याले! त्या लाईटच्या खांबावरून रातभर, पार उजाडेपर्यंत करंट सोडला होता पाण्यात! पोतं भरून मरळ नेली म्या इथून! अन् तुम्ही मले शिकवता?"

हसू थांबलं. लोकेशचं तोंड उघडंच राहिलं.

रीना पुढे आली. "कोन्त्या खांबावरून, लोकेशभाऊ?"

रुखमाबाईनं वळून पाहिलं नाही. ती बादलीपाशी बसली, मरळीच्या जबड्यातला गळ हलक्या हातानं सोडवला आणि तिला पाण्यात ठेवलं. विखुरलेला लाल गोळा पुन्हा एकवटू लागला.

"एवढी मोठी मरळ सोडली काऊन, बाई?" कुणीतरी विचारलं.

"तिचे लेकरं हायेत अजून."