अंबाबाईंची वाचा

म्हातारीच्या पुढ्यात आरसा धरून तृप्ती म्हणाली, "म्हणा, आ."

अंबाबाईंनी तोंड उघडलं. उजवा गाल लोंबला, लाळ ओघळली. आवाज काही आला नाही.

"म्हणा. मले घाई नाही."

लकव्यानं म्हातारीचा उजवा हात नेला होता आणि वाचाही. सौंसरच्या त्या वृद्धाश्रमात तृप्ती सगळ्या म्हाताऱ्यांना आजी म्हणे. हिला मात्र, खोलीत दुसरं कोणी नसलं की, सरळ नावानं हाक मारी.

हिमानी तृप्तीची थोरली बहीण, आणि अंबाबाईंची सून. रामाकोन्याकडच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीत ती सापडली होती. सासूच्या जाचानं पोरीनं जीव दिला, असं सगळं गाव म्हणालं. तिचा नवरा गजेंद्र तृप्तीच्या वडिलांच्या, दादारावांच्या, पायांवर डोकं ठेवून रडला होता. "माह्या मायनं खाल्लं तिले, बाबा." अंबाबाई तिथंच ओट्यावर बसून होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पोलिसांनाही "मले काही माहीत नाही" एवढंच सांगितलं. प्रकरण तिथंच मिटलं.

तृप्ती तेव्हा पांढुर्ण्याला कॉलेजात होती. ते सोडून ती नागपूरला गेली, म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचा कोर्स करायला.

दादारावांना ते पटलं नव्हतं. "शिकूनसवरून लोकाईच्या म्हाताऱ्यांचं हागणंमुतणं काढशील?"

"काढीन."

"पण कायले?"

"सासू काही जन्मभर तरणी राहत नाही, बाबा."

 दादारावांनी पुन्हा विषय काढला नाही.

कोर्स झाल्यावर पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. तृप्ती गेली नाही. ती सौंसरला आली, रामाकोन्याच्या जवळचा वृद्धाश्रम तो एकच होता, आणि वाट पाहत राहिली. हाताला काम चांगलं बसलं. माणूस कुशीवर कसं वळवावं, ठसका न लागता घास कसा भरवावा, हे ती शिकली, आणि हेच न केलं तर काय होतं, तेही शिकली.

मग एके दिवशी गजेंद्रच आईला गाडीत घालून घेऊन आला. दारात तृप्तीला पाहून थबकला. तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "तुह्याच हातात देऊन राहिलो. तू काय करशील, मी विचारणार नाही."

"मरू नाही देणार," तृप्ती म्हणाली. "इतक्या लवकर तर नाहीच."

मारणं सोपं होतं. नुसतं दुर्लक्ष केलं तरी पुरलं असतं. पण त्या तोंडातून तिला एक वाक्य हवं होतं, आपल्या वडिलांच्या समोर. मी मारलं हिमानीले. ते ऐकल्याशिवाय म्हातारीला सुटका नव्हती. म्हणून ती तिची पाठ पुसायची, पावडर लावायची, रात्रपाळीच्या बाईला कूस बदलायला बजावून जायची. आश्रमातले म्हणत, पोटची पोरगीही इतकं करणार नाही. तृप्ती नुसती हसायची.

पहिले पहिले अंबाबाई दात आवळून पडून राहत. तृप्ती आरसा हटवायची नाही. आणि आरसा धरल्या धरल्या हिमानीचं सांगत बसायची. "पाण्याले किती भ्यायची माही बहीण. नदीत पाय नव्हती घालत. ती विहिरीत उडी घेते म्हणजे किती छळलं असेल तुम्ही."

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. तृप्ती ते पुसायची आणि म्हणायची, "हं. म्हणा, मा."

गजेंद्र अधूनमधून यायचा. आल्या आल्या विचारायचा, "बोलते का काही?"

"अजून नाही."

"कायले छळून राहिली तिले? म्हातारं हाड आहे. राहू दे मुकी."

इतकं होऊनही याची आईवरची माया आटली नाही, याचं तृप्तीला नवल वाटे. त्यानं आणलेला शिरा तो स्वतः भरवायला जाई. अंबाबाई डोळे मिटून घेत, तोंड उघडत नसत. तो गेल्यावर तृप्तीच्या हातून मात्र खात. पोराला तोंड दाखवायची लाज वाटते, दुसरं काय, असं तृप्तीला वाटायचं.

उन्हाळा लागता लागता म्हातारी "पाणी" म्हणाली. आणि काही दिवसांनी, आरसा समोर नसताना, आपण होऊन म्हणाली, "हि...मा...नी."

तृप्ती उठून मोरीवर गेली आणि तोंडावर पाणी मारून परत आली.

"सांगाल? माह्या बाबांसमोर?"

अंबाबाईंनी मान डोलावली. मग मोठ्या कष्टानं म्हणाल्या, "गजू... बो...लाव."

पोरासमोरच कबूल करायचं असेल, तर आणखी चांगलं. आई बोलू लागली हे मात्र तृप्तीनं गजेंद्रला फोनवर सांगितलं नाही. पुन्हा दया येऊन त्यानं मोडता घातला असता. "तब्येत बरी नाही, येऊन जा," इतकंच म्हणाली.

दुपारी दादाराव पांढुर्ण्याच्या बसनं आले. खुर्चीवर बसून त्यांनी टोपी मांडीवर काढून ठेवली. मागून गजेंद्र आला. सासऱ्यांना पाहून त्यानं नमस्कार केला आणि आईच्या पायथ्याशी बसला.

"बाबा, नीट ऐका," तृप्ती म्हणाली. तिनं म्हातारीला उशीला टेकवून बसतं केलं. "सांगा आता. हिमानीले कोणी मारलं?"

"ती बोलते?" गजेंद्र म्हणाला.

 अंबाबाईंनी ना तृप्तीकडे पाहिलं, ना दादारावांकडे. पोराकडे पाहिलं, डोळे उघडे ठेवून.

"गजू," त्या म्हणाल्या. एकेक शब्द घोटल्यासारखा आला. "मी म्हणत होती ना तुले... नको लोटू तिले."