न सोडलेला कंदील

गिरणीचा चारचा भोंगा झाला तेव्हा गुंडा चढाईवर होता. डाव्या कोपऱ्यातला गडी त्यानं टिपला होता. मधली रेषा चार पावलांवर होती. सांगलीच्या मैदानावर जमलेलं माणूस नुसतं ओरडत होतं. आणि भोंगा कानावर पडताच, दम चालू असतानाच, त्याला नाथाजी आठवला.

म्हातारा आता पेवात उतरणार.

पहिल्या रांगेत साखर कारखान्याचे दोन साहेब खुर्च्या टाकून बसले होते. कारखान्याला कबड्डीचा संघ उभा करायचा होता. आज त्यांच्या नजरेत भरला, की बारमाही नोकरी, वर सरावाला रोज दोन तास सुट्टी. गुंडाला दुसरं काही नको होतं. हरिपुरात हळदीच्या पेवांवर तो हमाली करायचा. पहाटे जोर-बैठका, दिवसभर पोती, संध्याकाळी मैदान. तीन वर्षं अशी दोन डगरींवर पाय ठेवून काढली होती, आणि ती निभावली नाथाजीमुळं. त्याच्याच टोळीतला हा म्हातारा. 'जा रं, खेळ जा,' म्हणून पोराला लवकर सोडायचा आणि त्याच्या वाटणीची पोती आपण भरायचा.

पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. दोन-तीन पुरुष खोल, आणि तोंड जेमतेम एक माणूस शिरेल एवढं. वर्षभर बंद राहिलं की आतली हवा मरते. म्हणून तोंड उघडून काही तास थांबायचं, मग जळता कंदील दोरानं तळापर्यंत सोडायचा. जळत राहिला तर माणसानं उतरायचं. विझला तर परत थांबायचं. हरिपुरातल्या शेंबड्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही.

आजचं पेव सकाळी गुंडानंच उघडलं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, बाजारात हळदीला उठाव होता आणि व्यापाऱ्याला आजच माल हवा होता. चारला रिकाम्या पोत्यांचं बारदान आलं की उतरायचं, असं ठरलं होतं. दुपारी निघताना नाथाजीनं विचारलं, "कंदील सोडलास का रं?"

"सोडला की, तात्या. बेस जळतुय."

सोडलाच नव्हता. सोडला असता आणि विझला असता, तर थांबणं आलं, आणि मॅच हुकली असती. म्हणून बघायचंच टाळलं. पाच तास झालेत, आत हवा भरली असेल, अशी स्वतःची समजूत घालून त्यानं सायकल काढली होती. मनाची समजूत काढायला माणसाला वेळ लागत नाही.

आता मात्र ती समजूत पुरेना. 'कबड्डी, कबड्डी' ओठांवर होतं आणि डोळ्यांपुढं म्हाताऱ्याचे काटकुळे पाय त्या काळ्या तोंडातून आत जात होते. दम तुटला. पंचांनी शिट्टी मारली. "आरं, काय झालं?" कर्णधार ओरडला. मातीनं भरलेल्या अंगानंच गुंडा गर्दीतून घुसला आणि सायकलवर बसला. मागून शिव्या आल्या. साहेब खुर्चीतून उठून बघत होते, तेही त्यानं पाहिलं.

वाटभर त्याला स्वतःची किळस येत होती. आपल्या पोटाला नोकरी हवी, म्हणून ज्यानं आपली पोती भरली त्याचाच जीव पणाला लावला. तात्याला काही झालं, तर कुठल्या तोंडानं जगायचं?

पेवापाशी कुणी नव्हतं. काठावर नाथाजीची पैरण आणि फेटा पडला होता. दोर आत लोंबत होता.

"तात्या!"

उत्तर आलं नाही. गुंडानं छाती भरून दम घेतला आणि दोर धरून आत उतरला. अंधारात गुडघ्यावर बसून त्यानं हळदीवर चौफेर हात फिरवले. माणूस लागला नाही. हाताला फक्त विझलेला कंदील लागला. छाती फुटायला आली, तसा तो दोराला धरून वर चढू लागला. काठाशी कुणीतरी त्याचं मनगट पकडलं आणि त्याला बाहेर ओढलं.

"पेवात काय हुडकतुयास रं?" नाथाजी ओरडला. "मरायचंय व्हय?"

गुंडा तिथंच मातीत बसला आणि हमसून रडायला लागला. "तात्या, म्या कंदील सोडलाच न्हवता. खोटं बोललो तुमच्याशी. मॅच टाकून आलोय."

नाथाजीनं कपाळावर हात मारला. "आरं येड्या, मॅच कशाला टाकलीस? तू गेल्याव मीच सोडला की कंदील. इझला. मंग काडलेली पैरन तशीच ठिवली, कुनालाच उतरू दिलं न्हाई. समदी च्याला गेलतो."

"म्हंजी, मी खोटं बोललो त्ये तुमाला कळलं हुतं?"

"न्हाई बा. पर मॅचच्या दिशी तुजं चित्त थाऱ्यावर नसतंय. तीन सालं झाली, तुजी मॅच असली की तू गेल्याव मी परत कंदील सोडतो."

गुंडाचं रडणं थांबलं. तीन वर्षांत वीस-पंचवीस सामने झाले असतील. प्रत्येक वेळी त्यानं कंदील सोडला होता, तळाला टेकेपर्यंत वाकून बघितला होता, आणि मगच सायकल काढली होती. चुकला तो आजच.

"तात्या," तो कसाबसा म्हणाला, "आजचा दिस सोडला तर दरवेळी कंदील सोडलाय म्या. आईची आन."

नाथाजी खांद्यावरच्या टॉवेलानं त्याच्या पाठीवरची हळद झटकत होता. हात न थांबवता तो म्हणाला, "आसंल, गड्या. आसंल."